कळकाची नळी

तुम्ही मारलंत नथूआबाला. ज्यांनी तो कागद टाईप केला आणि ज्यांनी त्यावर गोल शिक्का उमटवला, त्या तुम्ही सगळ्यांनी मिळून मारलंत. 'या इमारतीत मांस, मासे, अंडी आणणार नाही, शिजवणार नाही. तिसऱ्या तक्रारीनंतर आठ दिवसांत घर रिकामं करू.' एवढंच होतं त्या कागदात. आणि म्हाताऱ्याने नियम मोडला असं कुणी म्हणू नये. नियम पाळूनच मेला तो. मोडून मेला असता तर निदान जिभेला चव तरी लागली असती.

कागदावर सही नवनाथची. नवनाथ म्हणजे आबाचा मुलगा, मसाटच्या एका दोऱ्याच्या कारखान्यात मशीनवर बारा-बारा तास उभा राहणारा. गाव शिरपूरकडचं. आधी ते मसाटलाच चाळीत राहायचे. दहा खोल्यांना दोन संडास, तेही उकिडवं बसायचे. तिथंच आबा घसरला आणि खुबा मोडून बसला. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाला, यांना आता जन्मभर खुर्चीचाच संडास लागणार. कमोडचं घर भाड्याने शोधता शोधता नवनाथ सामरवरणीच्या या इमारतीत आला. लिफ्ट होती, कमोड होता, गॅलरीत ऊन येत होतं. कागद पुढे आला तेव्हा त्याने वाचलासुद्धा नाही. त्याची बायको कुसुम बाजूला उभी होती, तिने वाचला. वाचून म्हणाली, "आबांचं कसं व्हायचं?"

"काय कसं? हागायचं बघू का खायचं बघू?" नवनाथ म्हणाला आणि सही करून मोकळा झाला.

खुब्याबरोबर आबाचं डोकंही सुटलं होतं. गेलेली बायको भाजीला गेलीय असं वाटायचं. नवनाथला तो धाकटा भाऊ समजायचा. कुसुम कोण हे त्याला दिवसातून दोनदा सांगावं लागायचं. पण एक गोष्ट त्या डोक्यातून काही केल्या पुसली गेली नाही. मटण. आणि मटणाच्या आधी, नळी.

त्यांच्या गावाकडे बोकड कापला की पोकळ हाडाची नळी घरातल्या सगळ्यात जुन्या माणसाच्या ताटात. त्याने ती उचलायची, ताटाच्या काठावर ठक ठक ठोकायची, आतला गर ओढून घ्यायचा. तो आवाज झाला की मग बाकीच्यांनी भाकरी मोडायची. तोवर कुणी घास उचलत नसे. आबाने आयुष्यातली पन्नास वर्षं दुसऱ्यांच्या नळीची वाट बघण्यात काढली आणि स्वतःची पाळी आली तेव्हा या इमारतीत येऊन पडला. आता तो ताटावर बसायचा, हात मांडीवर ठेवायचा आणि वाट बघायचा. वरण-भात समोर निवून जायचा.

"आबा, जेवा ना."

"नळी येऊ दे, माय. पंगत बसेल शे."

कसली पंगत आणि कसलं काय. समोर एकटी कुसुम, हातात पळी. तास गेला की तो चिडायचा. मग गॅलरीच्या दाराशी कुबडी आपटत ओरडायचा, "माले मटण दे व! मटण दे!" पाच मजल्यांना ऐकू जाईल असा आवाज. शेतात राखणीला बसलेल्या माणसाचा गळा तो.

पहिली तक्रार त्या ओरडण्याची आली. त्या दिवसापासून आबाने तोंड उघडलं की कुसुम ओला टॉवेल घेऊन धावायची आणि त्याच्या तोंडावर दाबून धरायची. चांगली बाई होती ती, पण चांगल्या बाईचाही हात कधी कधी जरा जास्त वेळ दाबलेला राहतो. म्हातारा टॉवेलच्या वरून डोळे मोठे करून बघत राहायचा. मग ती हात काढायची आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासायची.

दोन महिन्यांत आबाचं वजन अकरा किलो उतरलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाला, "प्रोटीन द्या, प्रोटीन. सोयाबीन वड्या देत नाही का?"

म्हणून तिने सोयाबीनच्या वड्या केल्या. गरम पाण्यात भिजवल्या, पिळल्या, तळल्या, रश्शात सोडल्या. आबाने एक चावली, चघळली, बाहेर काढून तळहातावर ठेवली आणि निरखून पाहिली.

"हाई ढोरेसनी पेंड शे."

तिला हसू आलं आणि रडूही. मग सुरण केला. रात्रभर म्हाताऱ्याचा घसा खाजला. मशरूम आणली, ती गिळगिळीत लागली म्हणून त्याने थुंकून टाकली, सरळ भिंतीवर. नवनाथने एकदा हिंमत करून ढाब्यावरून मटण बांधून आणलं. तीन पिशव्या, मधे वर्तमानपत्र, वरून संत्री. वॉचमनने संत्री हुंगली. नवनाथ गेटातूनच परत फिरला, पुलाखाली उभा राहिला आणि एकट्याने सगळं खाल्लं. घरी आल्यावर बायकोला सांगताना त्याची मान वर होत नव्हती.

"एक तुकडा तरी खिशात घालून आणायचा," कुसुम म्हणाली.

"तुला गंमत सुचते."

"मला गंमत नाही सुचत. रोज म्हाताऱ्याच्या तोंडावर टॉवेल कोण दाबतं, तू का मी?"

वाट सापडली ती कोंडाबाईकडे. कोंडाबाई सुरंगीची, वारली समाजातली म्हातारी. सामरवरणीच्या नाक्यावर फाटकं पोतं अंथरून जंगलातलं काहीबाही विकायची. कधी करटुली, कधी कच्चे फणस, पावसात कळकाचे, म्हणजे बांबूचे, कोवळे कोंब. कुसुम तिच्यापाशी थांबून बडबडायची, कारण इमारतीत बडबडायला कुणी नव्हतं.

"कोवला फणस घे," कोंडाबाई म्हणाली. "हाताला तेल लावून काप. आधी खरपूस तळ, मंग मसाल्यात टाक. मटणासारखे दोरे सुटतात. आमच्या गावात आलेला साहेबसुद्धा फसला होता."

"फणसाचं जमेल गं. पण याला हाड पाहिजे. हाडाशिवाय घासच नाही."

कोंडाबाईने बाजूची कळकाची काठी उचलली. शेंड्याकडची बारीक, बोटाएवढी जाड. विळ्याने टक्कन बोटाच्या दोन पेरांएवढा तुकडा पाडला आणि कुसुमच्या तळहातावर ठेवला. पोकळ, पिवळट पांढरा.

"हे घे हाड," ती म्हणाली आणि दात नसलेलं तोंड उघडून हसली.

त्या रविवारी कुसुमने काय केलं ते नीट ऐका. कांदे थेट जाळावर टाकून काळे केले. सुकं खोबरं जाळलं. तीळ, दगडफूल, मिरी, लाल मिरची, लसूण, सगळं पाट्यावर वाटलं, कारण मिक्सरचा मसाला आबा ओळखायचा. फणसाचे गाभ्यासकट तुकडे केले, तळले. कळकाचे तुकडे मीठ-हळदीत उकळले, कडा दगडावर घासून गुळगुळीत केल्या, मग त्यांत भिजवलेले काजू आणि ओल्या नारळाची मलई वाटून दाबून भरली. रश्शावर काळपट तेलाचा तवंग आला. तिने खिडकी लावली, दाराच्या फटीत चादर कोंबली, आणि एक तुकडा आबाच्या ताटात ठेवला.

आबाने बघितलं. उचलला. ठक. ठक. ताटाच्या काठावर दोनदा. तोंडाला लावून ओढला. डोळे मिटले त्याने. मग तोंड पुसून कुसुमकडे बघितलं आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा तिला नावाने हाक मारली.

"कुसुम. बस माय. जेव तू बी."

तिने भाकरी मोडली. अर्धा पाहुणचार कळकाचा आणि अर्धा फणसाचा, पण म्हातारा पोटभर जेवला. त्या महिन्यात वजन दोन किलो चढलं. रविवार आणि बुधवार, दोन वार ठरले. बाकीच्या दिवशी नुसती नळी दिली तरी तो मागून वरण-भात खायचा. नळी वाजली की पंगत सुरू.

खाली, बरोबर त्यांच्या खालच्या घरात, राजेंद्र राहायचा. कारखान्यात इंजिनिअर, इमारतीच्या कमिटीचा सेक्रेटरी, माणूस नाशिक जिल्ह्यातला. तुमचा शिक्का याच्याच ड्रॉवरमध्ये असायचा. इमारतीतल्या बाकीच्या लोकांना वरचा आवाज ऐकू यायचा, पण कळायचा नाही. कुणाला वाटायचं खलबत्ता, कुणाला वाटायचं खिळा ठोकतायत. राजेंद्रला कळला. पहिल्याच ठोक्याला कळला. लहानपणी बापाच्या ताटाजवळ बसून ऐकलेला आवाज माणूस विसरत नाही.

दाराखालून चिठ्ठी सरकवली गेली. 'आपल्या घरातून हाड ठोकल्याचा आवाज येतो. दुसरी तक्रार.' खाली शिक्का.

कुसुम चिठ्ठी घेऊन खाली गेली. राजेंद्रच्या बायकोने, अपर्णाने, दार अर्धंच उघडलं आणि नाक आधी पुढे केलं.

"दादा आहेत का? ते हाड नाहीये हो. कळक आहे. बांबू."

आतून राजेंद्र हसला. "बांबूची नळी! ताई, मी सटाण्याकडचा. मला शिकवू नका."

"येऊन बघा पाहिजे तर."

"येणारच आहे. असाच कधीतरी, न सांगता. सांगून गेलं तर बांबूच दिसणार." मग आवाज जरा मऊ करून म्हणाला, "तुम्ही तरी समजून घ्या. बाहेर कुणी काय खावं ते ज्याचं त्याने बघावं. इमारतीची शिस्त वेगळी."

बाहेर म्हणजे खानवेल रस्त्यावरचा ढाबा. दर बुधवारी कोपऱ्यातलं टेबल. नवनाथने त्याला तिथं दोनदा पाहिलं होतं, बाह्या वर करून मटणाच्या ताटावर बसलेला. पण भाडेकरूने घरमालकांच्या सेक्रेटरीला काय विचारायचं? एक तक्रार शिल्लक होती. त्यानंतर पुन्हा मसाटची चाळ, दहा खोल्यांत दोन संडास, उकिडवं, आणि न वाकणारा खुबा. कुसुम जिना चढून वर आली.

त्यानंतर तिने आबाच्या ताटाखाली चादरीची घडी ठेवायला सुरुवात केली. आवाज बसका यायचा. आबाला तो आवडायचा नाही, तो घडी ओढून काढायचा. ती परत सरकवायची. तो परत काढायचा. एकदा तिने त्याच्या मनगटावर चापट मारली. सांगायला हवं तेही.

पुढच्या रविवारी दुपारी दीडचा सुमार. नवनाथची दिवसपाळी होती. आबा नळी ठोकून बसला होता, तोंडाला लावणार, तेवढ्यात बेल वाजली. एकदा नाही, तीनदा, लागोपाठ.

कुसुमकडे लपवण्यासारखं काही नव्हतं. फणस होता, कळक होता, काजू होते. दार उघडून, हे घ्या, चावून बघा म्हणण्याची तिची केव्हाची तयारी होती. पण दोन चिठ्ठ्यांनी बाईचा चोर करून टाकला होता. बेल वाजली आणि तिला ताटात हाडच दिसलं. स्वतः घासून गुळगुळीत केलेला कळकाचा तुकडा तिला हाड दिसला. ती आबाच्या अंगावर खेकसली, "लपवा ते! लवकर! आवाज नाही करायचा!"

आणि दाराकडे धावली.

म्हाताऱ्याने इकडे तिकडे पाहिलं. सदऱ्याला खिसा नव्हता, ताटावर झाकण नव्हतं. सून रागावली की टॉवेल येतो, एवढं त्याला कळत होतं. त्याला एकच जागा सापडली. त्याने तो तुकडा तोंडात टाकला आणि ओठ मिटून घेतले.

दारात राजेंद्र, मागे कमिटीतला विशाल, हातात फोन, शूटिंग चालू. अपर्णा जिन्यात, पदर नाकाला.

"वास बघ किती सुटलाय," विशाल म्हणाला.

"बाजूला व्हा ताई." राजेंद्र सरळ स्वयंपाकघरात. त्याने कढईवरचं झाकण काढलं. पळीने तळ ढवळला. वर आलेला एक तुकडा बोटांनी दाबला, दोरे सुटले. "हे काय?"

"फणस."

"याला फणस म्हणता?"

"दादा, गाभा बघा ना. बघा, हा टोकाचा भाग."

"आणि हे?" पळीत कळकाची कांडी.

"बांबू. मोडून बघा. खरंच मोडून बघा."

"विशाल, जवळून घे. हे घे, हे."

ती बोलत होती, ते हसत होते, फोन कढईवर फिरत होता. बाहेरच्या खोलीतून काहीच आवाज येत नव्हता. आबा ओरडत नव्हता, कुबडी आपटत नव्हता, मटण दे म्हणत नव्हता. कुसुमला त्या गडबडीतही बरं वाटलं. बाई गं, तिच्या मनात आलं, आज मेला शहाण्यासारखा बसलाय.

तेवढ्यात ताट जमिनीवर पडलं.

आबा खुर्चीत तिरपा झाला होता. चेहरा जांभळा, दोन्ही हात गळ्याला, अंगावर सगळा रस्सा सांडलेला. कुसुमने तोंडात बोटं घातली, पाठीवर बुक्के मारले, उलटं केलं. तुकडा आत, बोटाला लागत होता पण निसटत होता. मलईचा बुळबुळीत झालेला. तिनेच तो घासून एवढा गुळगुळीत केला होता.

"गाडी! दादा, गाडी काढा! अँब्युलन्स यायला अर्धा तास लागतो!"

विशालने फोन बंद केला. त्याने आणि वॉचमनने मिळून म्हाताऱ्याला लिफ्टमधून खाली आणलं. हलका झाला होता, अडचण नव्हती. पार्किंगमध्ये राजेंद्रची पांढरी गाडी, नवीन, आरशाला देवीचा फोटो, सीटवर अजून प्लास्टिक. राजेंद्र किल्ली हातात घेऊन दाराशी उभा राहिला. किल्ली दारात गेली नाही.

"ताई, आधी खरं सांगा. घशात काय आहे?"

"काय?"

"हाड आहे ना? कपड्यांवरचा रस्सा कसला आहे? गाडीत देवी आहे माझी. खरं सांगा."

"बांबू आहे हो! बांबू!"

"शपथ घ्या."

"देवाची शपथ!"

"मुलाची नाहीतर नवऱ्याची घ्या."

"नवनाथची शपथ! बांबू आहे, फणस आहे, उघडा ना दार!"

अपर्णा मागून म्हणाली, "अहो, जुनी चादर आणते, सीटवर घालू."

ती चादर आणायला गेली. लिफ्ट वर होती. लिफ्ट खाली आली, वर गेली, पुन्हा खाली आली. वॉचमनच्या मांडीवर आबाचे पाय झटकत होते, मग झटकायचे थांबले. चादर आली, अंथरली गेली, कोपरे सरळ केले गेले आणि मग दार उघडलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरने चिमट्याने तो तुकडा काढला, तेव्हा ओढायला श्वासच उरला नव्हता. "थोडं आधी आणलं असतं तर," एवढंच म्हणाला आणि तुकडा छोट्या बाटलीत टाकला. राजेंद्र पुढे झाला. बाटली उजेडाकडे धरून बघितली. बराच वेळ बघितली. मग म्हणाला, "बांबूच आहे."

त्याच्या आवाजात सुटल्यासारखं होतं.

पाचव्या दिवशी कमिटीने नवनाथ आणि कुसुमला खाली ऑफिसात बोलावलं. टेबलावर एक टाईप केलेला कागद. राजेंद्रने खुर्ची पुढे सरकवली, पाणी मागवलं, डोळे खाली घालून दोन वाक्यं दुःखाची बोलला. मग कागद वळवून समोर ठेवला.

"त्या रविवारची तिसरी तक्रार आम्ही रद्द केलीय. डॉक्टरांचा कागद जोडलाय. मृताच्या घशात वनस्पतिजन्य पदार्थ होता, असं लिहिलंय. तुमच्यावरचा डाग गेला. तुम्ही फक्त एवढी सही करा, की आमची कोणाबद्दल काही तक्रार नाही. मग घर तुमचंच समजा."

नवनाथने पेन उचललं. "कर गं," तो पुटपुटला. "संपव."

"घर कशाला?" कुसुम म्हणाली. "कमोडवर बसणारा गेला."

"ताई, रागाने..."

"थांबा. मला बोलू द्या." ती उभी राहिली. "'लपवा' मी म्हटलं. मी. टॉवेल मी दाबायची, चापट मी मारली, तुकडा मी घासला. त्याने तो तोंडात का टाकला हे मला माहितीये, कारण त्याला मीच भीती लावली होती. माझं मी सगळ्यांदेखत बोलले. विशाल, फोन काढ, शूटिंग कर, त्या दिवशी करत होतास तसं. माझं झालं. आता तुमचं."

विशालने फोन काढला नाही. अपर्णा दारातून मागे सरकली.

"माझं काय?" राजेंद्र म्हणाला. "मी तर गाडी दिली. माझ्याच गाडीतून नेलं ना?"

"दिली. बांबू आहे म्हटल्यावर दिली. नवऱ्याची शपथ घेतल्यावर दिली. चादर अंथरल्यावर दिली." ती टेबलावर वाकली आणि तो शिक्क्याचा कागद त्याच्या हाताखालून ओढून घेतला. "मला दुसरं काही नको. एकच विचारते, आणि उत्तर घेतल्याशिवाय इथून उठणार नाही. मी हाड आहे म्हटलं असतं, मटणाचा रस्सा आहे म्हटलं असतं, तर तुम्ही त्या माणसाला गाडीत घेतलं असतं की नसतं? शिस्त सांगू नका, देवी सांगू नका. घेतलं असतं की नसतं? बोला."